बिनतारी वीज : तार जाते, हिशेब राहतो

टोलनाक्यापाशी मोटार येते, समोरच्या काचेवरील फास्टॅग वाचला जातो आणि अडसर वर उचलला जातो. कागदासारख्या पातळ अशा त्या पट्टीत बॅटरी नसते. नाक्यावरील यंत्राकडून येणाऱ्या रेडिओ लहरींतूनच ती आपल्यापुरती ऊर्जा घेते आणि त्याच ऊर्जेवर आपला क्रमांक कळविते. तारेवाचून वीज पोहोचविण्याचे तंत्र भविष्यकाळातील स्वप्न नाही, ते रोज लाखो मोटारींच्या काचांवर काम करीत आहे. मात्र ही ऊर्जा इतकी अल्प असते की, ती वॅटच्या दशलक्षांश भागांत मोजावी लागते. ज्या तंत्राने फास्टॅग चालतो, त्याच तंत्राने घर का चालू नये, हा प्रश्न येथूनच निर्माण होतो.

या प्रश्नाचे उत्तर अनेकदा दोन टोकांचे दिले जाते. तारेवाचून वीज जाणे अशक्यच, असे एक पक्ष म्हणतो. हे तंत्र शंभर वर्षांपूर्वीच सिद्ध झाले होते, पण हितसंबंधीयांनी ते दडपले, अशी दुसऱ्या पक्षाची खात्री असते. दोन्ही मते चुकीची आहेत आणि दोहोंच्या मुळाशी ऊर्जेविषयीचे गैरसमज आहेत. बिनतारी वीजवहनात तार काढून टाकता येते. ऊर्जेचा जमाखर्च काढून टाकता येत नाही. ही एक गोष्ट ध्यानात ठेवली, तर या विषयातील खरे आणि खोटे वेगळे करणे फारसे अवघड नाही.

ऊर्जा, शक्ती आणि युनिट

प्रथम शब्दांचा अर्थ पाहणे आवश्यक आहे. कार्य करण्याची क्षमता म्हणजे ऊर्जा. ती ज्यूलमध्ये मोजतात. ती ऊर्जा किती वेगाने वापरली किंवा पुरविली जाते, त्या दराला शक्ती म्हणतात. ती वॅटमध्ये मोजतात. १,००० वॅटचे उपकरण एक तास चालले, तर वीजबिलावरील एक युनिट खर्च होते. एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल. वॅट हा दर आहे आणि युनिट ही रक्कम आहे. या दोहोंची गल्लत झाली की अनेक चमत्कारिक दावे खरे वाटू लागतात.

आकाशातील विजेचे उदाहरण घेता येईल. विजेचा लोळ क्षणभर डोळे दिपवितो, कारण त्या क्षणीची शक्ती प्रचंड असते. परंतु तो क्षण सेकंदाच्या अल्पशा अंशाएवढाच टिकतो. एका लोळातील ऊर्जा साधारणतः एक अब्ज ज्यूल धरली, तरी तिची सुमारे २८० युनिटे होतात. दोन-तीन मध्यमवर्गीय घरांचा महिन्याचा खर्च त्यात भागेल. त्यातील बहुतांश ऊर्जाही हवा तापविण्यात, प्रकाशात व गडगडाटात जाते. एका लोळात शहर उजळेल, ही समजूत दर आणि रक्कम यांच्या गल्लतीतून आलेली आहे.

'वीजनिर्मिती' हा रूढ शब्दही थोडा फसवा आहे. कोयनेच्या जलविद्युत केंद्रात उंचावर साठविलेल्या पाण्याची स्थितिज ऊर्जा विजेत रूपांतरित होते. चंद्रपूरच्या औष्णिक केंद्रात कोळशातील रासायनिक ऊर्जेचे तसेच होते. ऊर्जा शून्यातून निर्माण होत नाही आणि नष्टही होत नाही, हा अक्षय्यतेचा नियम रॉबर्ट मायर, जेम्स ज्यूल व हर्मन हेल्महोल्ट्झ यांच्या १८४० च्या दशकातील कार्यातून प्रस्थापित झाला. वीज हा ऊर्जेचा मूळ झरा नव्हे, ऊर्जा एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी नेण्याचे ते सोयीचे रूप आहे. म्हणून वीज तारेने येवो वा तारेवाचून, 'मुळात ती आली कोठून?' हा प्रश्न टळत नाही.

तारेचे खरे काम

नळातून पाणी यावे तशी तारेतून वीज येते, असे आपण मानतो. प्रत्यक्षात तांब्याच्या तारेतील इलेक्ट्रॉनांची सरासरी पुढे सरकण्याची गती सेकंदाला मिलिमीटरच्या अंशाइतकी मंद असते. घरातील प्रत्यावर्ती प्रवाहात तर ते जागच्या जागी मागेपुढे हेलकावे घेतात. तरीही बटण दाबताक्षणी दिवा लागतो. याचे स्पष्टीकरण जॉन हेन्री पॉयन्टिंग या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १८८४ मध्ये दिले. ऊर्जा मुख्यतः तारेभोवतीच्या विद्युत व चुंबकीय क्षेत्रांतून प्रवास करते. तार त्या क्षेत्रांना धरून ठेवते आणि त्यांना वाट दाखविते.

म्हणजे तारेच्या साहाय्याने वीज पाठवितानाही ऊर्जा तारेबाहेरील जागेतून जातच असते. तार काढली की ऊर्जेचा वाटाड्या नाहीसा होतो आणि ती चहूकडे पांगू लागते. बिनतारी वीजवहनाचा सारा इतिहास हा या पांगणाऱ्या ऊर्जेला आवर घालण्याच्या प्रयत्नांचा इतिहास आहे.

तार हे काम किती चोख करते, याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. चंद्रपूरहून ठाणे जिल्ह्यातील पडघ्यापर्यंत सुमारे ७५० किलोमीटर लांबीची उच्चदाब एकदिश प्रवाहाची वाहिनी १९९९ मध्ये कार्यान्वित झाली. ५०० किलोव्होल्ट दाबाच्या या वाहिनीची क्षमता १,५०० मेगावॅट आहे. विद्युतदाब दहापट वाढविला, तर तेवढीच शक्ती नेण्यासाठी प्रवाह एक दशांश पुरतो आणि तारेतील उष्णतेचा ऱ्हास शंभरपट घटतो. राज्याच्या एका टोकाची वीज दुसऱ्या टोकाला पोहोचते आणि तिचा थोडा भागच वाटेत हरवितो. कोणत्याही बिनतारी पद्धतीला स्पर्धा करावयाची आहे ती या मापाशी.

जवळचा पल्ला

मायकेल फॅरडे याने १८३१ मध्ये लोखंडाच्या कड्यावर दोन स्वतंत्र वेटोळी गुंडाळली. एका वेटोळ्यातील प्रवाह सुरू किंवा बंद होताच दुसऱ्यात क्षणिक प्रवाह निर्माण होतो, असे त्याला आढळले. दोन्ही वेटोळी एकमेकांना जोडलेली नव्हती. बदलत्या चुंबकीय क्षेत्राने ऊर्जा पलीकडे नेली होती. हेच विद्युतचुंबकीय प्रवर्तन होय.

गावोगावी खांबांवर असलेले रोहित्र, ज्याला सर्वजण 'डीपी' म्हणतात, ते याच तत्त्वावर चालते. नेहमीच्या रोहित्रात उच्चदाबाचे आणि घरगुती दाबाचे वेटोळे एकमेकांना तारेने जोडलेले नसते. घरात येणारी वीज त्या टप्प्यापुरती बिनतारीच येते. लोखंडी गाभा चुंबकीय क्षेत्राला बंदिस्त ठेवतो, म्हणून या देवाणघेवाणीत फारच थोडी ऊर्जा वाया जाते. इंडक्शन शेगडीतही शेगडीखालील वेटोळ्याचे क्षेत्र पातेल्याच्या बुडात प्रवाह निर्माण करते आणि भांडे स्वतःच तापते.

मोबाइलची बिनतारी चार्जिंग तबकडी हे याच कुळातील अलीकडचे अपत्य. वायरलेस पॉवर कन्सोर्टियम ही संघटना २००८ मध्ये स्थापन झाली आणि तिचे 'ची' हे प्रमाण पुढे बहुतेक उत्पादकांनी स्वीकारले. तबकडीतील व मोबाइलमधील वेटोळ्यांत अंतर असते काही मिलिमीटरचे. मोबाइल जरा बाजूला सरकला की चार्जिंग मंदावते आणि तो गरम होतो. वेटोळ्याच्या आकाराच्या तुलनेत अंतर वाढत गेले की चुंबकीय क्षेत्र झपाट्याने क्षीण होते, हे त्याचे कारण. मोटारींसाठी मोठी वेटोळी वापरतात. ती नीट समोरासमोर असतील, तर सुमारे ९० टक्के ऊर्जा बॅटरीत पोहोचू शकते. मात्र तेथेही अंतर वितीएवढेच असते.

अनुनादाची मदत

हे अंतर वाढविण्याचा एक मार्ग म्हणजे अनुनाद. झोपाळ्याला त्याच्या स्वतःच्या लयीत हलके झोके दिले, तर तो उंच जातो. त्याचप्रमाणे दोन्ही वेटोळी एकाच वारंवारतेला जुळविली, तर दुबळ्या क्षेत्रातूनही ऊर्जेची बऱ्यापैकी देवाणघेवाण होते. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधील मारिन सोल्याचिच व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये सुमारे दोन मीटर अंतरावरील ६० वॅटचा दिवा या पद्धतीने पेटवून दाखविला.

या प्रयोगाची जगभर वार्ता झाली. दोन वेटोळ्यांमधील देवाणघेवाणीची कार्यक्षमता सुमारे ४० टक्के होती, हा आकडाही प्रसिद्ध झाला. परंतु भिंतीतील प्लगपासून दिव्यापर्यंतचा संपूर्ण प्रवास पाहिला, तर कार्यक्षमता १५ टक्क्यांच्या आसपास भरते, हे त्याच शोधनिबंधात संशोधकांनी प्रामाणिकपणे नोंदविले होते. ६० वॅटच्या दिव्यासाठी सुमारे ४०० वॅट खर्च होत होते. कार्यक्षमतेचा कोणताही आकडा वाचताना तो कोठून कोठपर्यंत मोजला आहे, हे विचारणे किती अगत्याचे आहे, हे यावरून दिसते.

दूरचा पल्ला

अधिक अंतरासाठी रेडिओ लहरी, सूक्ष्मलहरी किंवा लेसरचा झोत वापरावा लागतो. हाइनरिख हर्ट्झ याने १८८७-८८ मध्ये विद्युतचुंबकीय लहरींचे अस्तित्व प्रयोगाने सिद्ध केले. या लहरी चहूकडे पसरल्या, तर अंतर दुप्पट होताच तेवढ्याच क्षेत्रफळावर पडणारी ऊर्जा चौथाई होते. त्या एका दिशेस एकवटावयाच्या, तर प्रक्षेपकाचा आकार लहरींच्या लांबीच्या मानाने पुष्कळ मोठा असावा लागतो. तसे करूनही झोत थोडाफार फाकतोच. हा निसर्गनियम आहे. कारागिरी सुधारून तो टाळता येत नाही.

अमेरिकी अभियंता विल्यम ब्राउन याने १९६४ मध्ये सूक्ष्मलहरींच्या ऊर्जेवर एक लहान हेलिकॉप्टर सुमारे १८ मीटर उंचीवर तरंगत ठेवून दाखविले. लहरी ग्रहण करून त्यांचे थेट एकदिश विजेत रूपांतर करणारा 'रेक्टेना' त्यात वापरला होता. कॅलिफोर्नियातील गोल्डस्टोन येथे १९७५ मध्ये २६ मीटर व्यासाच्या तबकडीतून दीड किलोमीटरवरील रेक्टेनाकडे झोत सोडण्यात आला आणि ३० किलोवॅटहून अधिक वीज मिळाली. रेक्टेनावर पडलेल्या ऊर्जेपैकी ८० टक्क्यांहून अधिक ऊर्जेचे विजेत रूपांतर झाले. तथापि झोताचा लहानसा भागच रेक्टेनावर पडत होता. उरलेला बाजूने निघून जात होता. ८० टक्के हा आकडा खरा आहे, पण तो शेवटच्या पायरीचा आहे, संपूर्ण जिन्याचा नव्हे.

अमेरिकेच्या संरक्षण संशोधन संस्थेने, म्हणजे 'डार्पा'ने, २०२५ मध्ये न्यू मेक्सिको राज्यात लेसरच्या साहाय्याने ८.६ किलोमीटर अंतरावर अर्धा मिनिट ८०० वॅटहून अधिक वीज पोहोचविल्याचे जाहीर केले. अंतराच्या दृष्टीने ही मोठी मजल आहे. पण ८०० वॅट म्हणजे घरातील मिक्सरची भूक, आणि तीही अर्ध्या मिनिटापुरती. आकाशातील मानवरहित विमानाला किंवा दुर्गम ठाण्याला अशी वीज मोलाची ठरू शकेल. गावाला पुरवठा करण्याशी तिचा संबंध नाही.

टेस्ला आणि वॉर्डनक्लिफचा मनोरा

या विषयात निकोला टेस्ला (१८५६-१९४३) याचे नाव अपरिहार्यपणे येते. बहुकला प्रत्यावर्ती प्रवाहाच्या यंत्रणेत त्याचा वाटा मूलभूत आहे. नायगारा धबधब्यावरील वीज १८९६ मध्ये बफेलो शहराला पोहोचली ती याच प्रकारच्या यंत्रणेने. टेस्लाने १८९१ मध्ये न्यूयॉर्क येथील व्याख्यानात हातातील नळ्या तारेवाचून उजळवून दाखविल्या. पुढे १८९९ मध्ये कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथे त्याने लाखो व्होल्ट दाबाचे प्रयोग केले.

१९०१ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंड बेटावर वॉर्डनक्लिफ येथे त्याने सुमारे ५७ मीटर उंचीच्या मनोऱ्याचे काम सुरू केले. धनको जे. पी. मॉर्गन याने त्यासाठी दीड लाख डॉलर दिले. मॉर्गनपुढे मांडलेला मूळ उद्देश होता अटलांटिकपार संदेशवहनाचा. १९०१ च्या डिसेंबरात मार्कोनीने त्याहून पुष्कळ साध्या साधनांनी अटलांटिकपार संदेश मिळाल्याचे जाहीर केले. टेस्लाच्या योजनेचा व्याप व खर्च वाढत गेला, त्यात वीजवहनाचा उद्देशही आला. मॉर्गनने अधिक पैसा देण्याचे नाकारले. मनोरा पूर्णत्वास गेला नाही. जागा कर्जापोटी गेली आणि १९१७ मध्ये मनोरा पाडून मोडीत काढण्यात आला.

या हकिगतीभोवती पुढे दंतकथा रचल्या गेल्या. टेस्ला जगाला फुकट वीज देणार होता आणि 'मीटर कोठे बसवायचा' असे विचारून मॉर्गनने ती योजना बुडविली, असे सांगितले जाते. या उद्गाराला त्या काळातील कागदपत्रांचा आधार मिळत नाही. टेस्लाच्या योजनेतही वीज शून्यातून येणार नव्हती. ती नायगारासारख्या जलप्रपातांतून किंवा कोळशातूनच यावयाची होती. कोलोरॅडो येथे ४० किलोमीटरवरील दोनशे दिवे पेटविल्याची कथा पुष्कळ ठिकाणी छापली जाते. टेस्लाच्या तेथील नोंदवहीत अशा प्रयोगाची नोंद नाही. विजेच्या लोळांखाली टेस्ला शांतपणे वाचत बसला आहे, हे सुप्रसिद्ध छायाचित्रही एकाच काचेवर दोनदा घेतलेले आहे, आणि ही गोष्ट त्याने स्वतःच नोंदवून ठेवली होती.

पृथ्वीलाच वाहक बनवून ऊर्जा जगभर खेळवावी, ही टेस्लाची कल्पना होती. परंतु अशी ऊर्जा जमिनीत व वातावरणात पांगून उष्णतेत जाते आणि ज्या ठिकाणी हवी तेथेच ती गोळा करण्याचा मार्ग उरत नाही. त्यानंतर शतकाहून अधिक काळ लोटला. उपयुक्त प्रमाणात ती कल्पना कोणीही सिद्ध करून दाखविलेली नाही. टेस्लाचे मोठेपण त्याच्या खऱ्या कामावर उभे आहे. त्याला दंतकथांच्या टेकूची गरज नाही.

काही प्रचलित गैरसमज

१. *संदेश जातो, म्हणजे वीजही जाईल.* जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ च्या सुमारास कोलकात्यात अतिलघू विद्युतचुंबकीय लहरींनी दूरची घंटा वाजवून आणि बंदुकीची दारू पेटवून दाखविली होती. स्फोटाची ऊर्जा लहरींनी वाहून आणली नव्हती; ती दारूतच होती आणि घंटेची ऊर्जा तिच्या बॅटरीत होती. लहरींनी फक्त कळ दाबण्याचे काम केले. रिमोटने टीव्ही सुरू होतो, पण टीव्ही चालतो भिंतीतील प्लगवर. संदेशाला लेशमात्र ऊर्जा पुरते, कारण ग्राहक यंत्र आपल्या विजेने तो मोठा करते. वीजवहनात पोहोचलेली ऊर्जा हेच सर्वस्व असते.

२. *हवेत लहरींची ऊर्जा भरपूर आहे, ती गोळा केली की झाले.* १०० वॅटचा प्रक्षेपक सर्व दिशांना सारखा पसरत आहे असे मानू. एक किलोमीटरवर एक चौरस मीटर जागेवर पडणारी शक्ती भरते सुमारे ८ मायक्रोवॅट. ९ वॅटच्या एलईडी दिव्यासाठी, एकही कण वाया न घालवता, एक चौरस किलोमीटरहून थोडे अधिक क्षेत्र लागेल. जुना क्रिस्टल रेडिओ बॅटरीवाचून चाले हे खरे, पण त्याने कानाशी लावलेला श्रवणकच तेवढा कुजबुजत असे. पुणे जिल्ह्यातील खोडद येथील महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीत ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. अवकाशातून येणाऱ्या लहरी किती क्षीण असतात, हे त्या पसाऱ्यावरून लक्षात यावे. त्या तबकड्या माहिती गोळा करतात. स्वतः चालतात त्या मात्र नेहमीच्या विजेवर.

३. *उच्चदाब वाहिनीखाली ट्यूबलाइट आपोआप पेटते, म्हणजे ही फुकट वीज आहे.* ट्यूब मंदपणे उजळते ही गोष्ट खरी. पण तिला ऊर्जा मिळते ती त्या वाहिनीच्याच क्षेत्रातून, आणि वाहिनीला मिळते ती वीजकेंद्रातून. खर्च पडतोच, तो दुसऱ्याच्या खात्यावर पडतो एवढेच. शिवाय हा प्रयोग जीवघेणा ठरू शकतो.

४. *तार नाही म्हणजे विजेची बचत.* वस्तुस्थिती उलट आहे. एखाद्या मोबाइलच्या बॅटरीत १५ वॅट-तास ऊर्जा मावते आणि ती रोज एकदा भरली जाते असे धरल्यास वर्षाला सुमारे साडेपाच युनिटे बॅटरीत जातात. तारेच्या चार्जरची कार्यक्षमता ८५ टक्के व बिनतारी तबकडीची ६५ टक्के मानली, तर बिनतारी पद्धतीने वर्षाला सुमारे दोन युनिटे अधिक लागतात. एका घराला ही रक्कम किरकोळ आहे. दहा कोटी मोबाइलसाठी ती वीस कोटी युनिटे होते. ही सोय आहे आणि सोयीची किंमत मोजावी लागते.

५. *लहरी म्हणजे अणुभट्टीसारखा किरणोत्सर्ग.* रेडिओ व सूक्ष्मलहरी अणूंतून इलेक्ट्रॉन उडवू शकत नाहीत. त्यांचा मुख्य परिणाम उष्णतेचा असतो. म्हणून धोका नाही असे मात्र नव्हे. झोत जेवढा तीव्र, तेवढी सुरक्षिततेची काळजी अधिक, आणि लेसरच्या बाबतीत डोळ्यांची विशेषच. दुरून भरपूर वीज पाठविणे आणि वाटेतील माणसाला निर्धोक ठेवणे या दोन गरजा एकमेकींना छेद देतात. घरात मीटरभर अंतरावर मोठी शक्ती पुरविणारी साधने सर्रास न दिसण्याचे हेही एक कारण आहे.

६. *एकदा गती दिली की यंत्र स्वतःच वीज निर्माण करीत राहील.* मोटर जनित्राला फिरविते, जनित्र मोटरला वीज देते आणि वर उरलेली वीज घराला मिळते, असा दावा ठिकठिकाणी केला जातो. प्रत्येक फेरीत घर्षण व उष्णता आपला वाटा घेतात, त्यामुळे असे यंत्र थांबणारच. पॅरिसच्या विज्ञान अकादमीने १७७५ मध्येच अखंड गतियंत्रांचे प्रस्ताव यापुढे तपासणार नाही, असा निर्णय घेतला होता. तरीही चुंबक, चक्र किंवा वेटोळी यांचे नाव पुढे करून अशी यंत्रे विकण्याचे प्रयत्न थांबलेले नाहीत. लोडशेडिंगने गांजलेला शेतकरी किंवा वीजबिलाने वैतागलेला कारखानदार त्यांना बळी पडण्याची शक्यता अधिक असते, ही त्यातील खेदाची बाब.

अवकाशातील सौरवीज

बिनतारी वीजवहनाची सर्वांत भव्य कल्पना पीटर ग्लेझर या अभियंत्याने १९६८ मध्ये मांडली. भूस्थिर कक्षेत जवळजवळ अखंड ऊन असते. तेथे सौरपट्ट्या उभाराव्यात आणि वीज सूक्ष्मलहरींच्या रूपाने पृथ्वीवर पाठवावी, अशी ही योजना. अमेरिकेत १९७० च्या दशकाच्या अखेरीस तिचा सविस्तर अभ्यास झाला. ५,००० मेगावॅट विजेसाठी अवकाशात एक किलोमीटर व्यासाचा प्रक्षेपक आणि जमिनीवर सुमारे १० किलोमीटर रुंद व १३ किलोमीटर लांब ग्राहकक्षेत्र लागेल, असा त्यातील आराखडा होता. हे अवाढव्य आकार योजनाकारांच्या हौसेतून आलेले नाहीत. सुमारे ३६,००० किलोमीटरच्या प्रवासात झोत तेवढा फाकतोच, म्हणून ते आले. झोताच्या मध्यभागीही तीव्रता भर दुपारच्या उन्हाच्या सुमारे चौथाईइतकीच ठेवली होती.

कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीने २०२३ मध्ये अवकाशात सोडलेल्या उपकरणात बिनतारी वीजवहनाची चाचणी घेतली. फूटभर अंतरावरील लहान दिवे त्याने उजळले आणि त्याचा क्षीण झोत पॅसाडेना येथील इमारतीच्या छतावर टिपण्यात आला. ही आरंभीची पायरी आहे. निसर्गनियम या योजनेच्या आड येत नाहीत. अडचण आहे ती आकाराची, प्रक्षेपणाच्या खर्चाची आणि जमिनीवरील स्वस्त सौरपट्ट्यांशी असलेल्या स्पर्धेची.

उपयोग कोठे, कसोटी कोणती

जेथे तार नेणे अशक्य, धोक्याचे किंवा अतिशय गैरसोयीचे असते, तेथे बिनतारी वीज ऱ्हास सोसूनही परवडते. कानाने अधू असलेल्या बालकाच्या कॉक्लियर इम्प्लांटला त्वचेपलीकडून ऊर्जा मिळते आणि तारेसाठी कायमची जखम उघडी ठेवावी लागत नाही. पाण्याशी संबंध येणारे विजेचे टूथब्रश, फिरत्या यंत्रांवरील संवेदक, बॅटरीवाचून चालणारी प्रवासकार्डे ही अशीच उदाहरणे. तेथे ऊर्जा थोडी लागते आणि सोय मोठी मिळते. शेतातील पाच अश्वशक्तीचा पंप किंवा गावाचा वीजपुरवठा यांचे गणित याच्या नेमके उलट आहे.

बिनतारी किंवा 'मोफत' विजेचा नवा दावा पुढे आला की चार प्रश्न विचारावेत. ऊर्जेचा मूळ स्रोत कोणता? किती वॅट, किती अंतरावर आणि किती वेळ? कार्यक्षमतेचा आकडा प्लगपासून उपकरणापर्यंतचा आहे, की मधल्याच एखाद्या पायरीचा? आणि ही मोजणी दावा करणाऱ्याखेरीज अन्य कोणी केली आहे काय? खरे संशोधक या प्रश्नांची उत्तरे आपल्या निबंधातच देतात. ६० वॅटच्या दिव्यासाठी ४०० वॅट लागले हे सांगण्यात त्यांना कमीपणा वाटत नाही. जेथे ही उत्तरे टाळली जातात, तेथे पैसे गुंतविण्यापूर्वी एकच आग्रह धरावा : वीज जाते त्या टोकाला एक मीटर बसवा, येते त्या टोकाला दुसरा, आणि दोन्ही आकडे शेजारी शेजारी दाखवा.